सिन्नरच्या परिषदेमागची अमेरिका

पुण्याहून संगमनेर, नांदूर-शिंगोटे अशी गावे मागे टाकीत नाशिककडे जाणारा हमरस्ता ज्या सिन्नर गावातून जातो, त्या गावाचे नाव निघाले की जाणकाराच्या डोळ्यांपुढे प्रथम गोंदेश्वराचे पंचायतन उभे राहते, यादवांच्या सेऊणदेशाच्या आरंभीच्या राजधानीची आठवण होते, आणि अलीकडच्या माणसाला विड्यांचे कारखाने, माळेगाव-मुसळगावच्या औद्योगिक वसाहती व तालुक्याच्या पूर्व भागातील पाण्याचे दुर्भिक्ष आठवते. परंतु ऑगस्ट १९४१ मध्ये याच गावात भरलेल्या एका परिषदेची आठवण गावातल्या गावातही क्वचितच निघते. महार, मांग आणि वेठिया (वेठीचे काम करणारे) वतनदारांची ती परिषद होती. तिचे नेतृत्व डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्याकडे होते. आणि विषय होता मुंबई सरकारने वतनी जमिनींवर बसविलेल्या कराचा. दिसायला हा तालुक्याच्या कचेरीतला, जुडी (इनामी जमिनीवरचा सवलतीचा सारा) आणि आकारणीच्या दप्तरातला प्रश्न. तरीही त्या परिषदेत बोलणाऱ्या पुढाऱ्याच्या मनात या प्रश्नाचे जे चित्र होते, त्याच्या काही रेषा पंचवीस वर्षांपूर्वी न्यूयॉर्क शहरात, कोलंबिया विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने अमेरिकेच्या राजकारणाकडे पाहून मनाशी बांधलेल्या मतांत आधीच उमटलेल्या होत्या, असे मला वाटते, आणि तेच या लेखात मांडावयाचे आहे.

प्रथम वतनाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आजच्या तरुण वाचकाला 'वतन' हा शब्द केवळ अभिमानाचा वाटतो. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांचे वतन म्हणजे मान, हक्क आणि उत्पन्न; महाराचे वतन म्हणजे चावडीवर रात्रंदिवस हजर राहण्याचे बंधन. सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, मुलकी खात्याचा अंमलदार आला की त्याच्या सरबराईला धावणे, महसुलाचा भरणा खजिन्यापर्यंत नेण्यास सोबत करणे, मयताची खबर परगावी देणे, हद्दीच्या खुणा दाखविणे, ही सारी कामे त्याच्याकडे असत. आणि वतनदार माणूस घरी नसला तर त्याच्या बापाला किंवा मुलाला त्या कामावर जावे लागे. मोबदला म्हणून इनामी जमिनीचा एक तुकडा, गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते आणि नावापुरता सरकारी पगार. जमिनीचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटणी होत इतका लहान झालेला असे की त्यावर पोट भरत नसे. पण तो आपला आहे या आशेने माणूस गावाला बांधलेला राही. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते ही गाठ सोडविण्यासाठी. ते कायद्यात उतरले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद झाली, आणि त्यानंतर पावणेदोन वर्षांनी सिन्नरची. ज्या जमिनीच्या बदल्यात माणसाकडून चोवीस तासांची चाकरी घ्यावयाची, त्याच जमिनीवर पुन्हा कराचा बोजा चढवावयाचा, हा अन्याय असह्य होऊन कर न भरण्याची भाषा सिन्नरला बोलली गेली.

आता अमेरिकेकडे वळू. आणि तिकडे जाताना एकदम १९१३ सालात न उतरता चाळीस वर्षे आधी पुण्यात थांबू, कारण मराठी माणसाचे अमेरिकन राजकारणाविषयीचे पहिले गंभीर मत अमेरिकेला कधीही न गेलेल्या एका माणसाने नोंदविले आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो संयुक्त संस्थानांतील ज्या सदाचारी लोकांनी हबशी गुलामांच्या मुक्ततेसाठी निरपेक्ष स्वार्थत्याग केला त्यांना अर्पण केला. या अर्पणपत्रिकेकडे आपण एक उदार उद्गार म्हणून पाहतो. पण तिचे साल नीट पाहिले तर तिच्यात राजकीय वर्तमानाची अचूक जाण दिसते. यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले होते. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली होती, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येकास नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण मिळाले होते, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने वर्णाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली होती. आणि त्याच १८७० साली हायरम रेव्हल्स नावाचा कृष्णवर्णीय गृहस्थ अमेरिकेच्या सिनेटमध्ये जाऊन बसला होता. जोतीराव लिहीत होते तेव्हा हे सारे नुकतेच घडलेले होते आणि टिकेल असे वाटण्याजोगे होते.

ते टिकले नाही. १८७७ मध्ये दक्षिणेकडील संस्थानांतून केंद्र सरकारच्या फौजा काढून घेण्यात आल्या, आणि जुन्या मळेवाल्यांच्या हाती सत्ता परत गेली. घटनेतील एकही अक्षर न खोडता घटनेचा अर्थ खोडून टाकण्याची जी कारागिरी पुढील तीस वर्षांत चालली, ती जगाच्या राजकीय इतिहासात अभ्यासण्यासारखी आहे. मतदाराने डोईपट्टी भरलेली असावी. त्याला घटनेचे कलम वाचून त्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. अर्थ बरोबर की चूक हे गोरा अधिकारी ठरवील. आणि ज्याचा आजा १८६७ पूर्वी मतदार होता त्याला या अटींतून सूट. आजा गुलाम असलेल्या माणसाने काय करावे? लुइझियाना संस्थानात १८९६ मध्ये १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये १,३४२ उरले. १८९६ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आगगाडीचे डबे वेगळे ठेवले तरी ते समान असल्यास चौदाव्या दुरुस्तीचा भंग होत नाही, असा निर्णय दिला. १९०१ मध्ये शेवटचा कृष्णवर्णीय सभासद काँग्रेसमधून बाहेर पडला आणि १९२९ पर्यंत तेथे त्या समाजाचा एकही माणूस दिसला नाही. जमिनीची गोष्ट तर याहून कठीण. युद्ध संपत असता जनरल शेरमन याने मुक्त गुलामांच्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन याने तो वर्षाच्या आत फिरविला, आणि मुक्त झालेला माणूस त्याच मालकाच्या शेतात अर्धेलीने, कर्जाच्या वहीला बांधलेला, राबत राहिला.

जोतीरावांची अर्पणपत्रिका १८७३ ची आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बावीस वर्षांचा भीमराव न्यूयॉर्कला उतरला तो जुलै १९१३ मध्ये. या दोन तारखांच्या मधली चाळीस वर्षे म्हणजे नुकतीच सांगितलेली उतरंड होय.

या चाळीस वर्षांच्या मध्यावर आणखी एक मराठी विद्यार्थिनी, पंडिता रमाबाई, अमेरिकेत होती, तिला वगळून पुढे जाता येत नाही. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पदवी मिळाली त्या ११ मार्च १८८६ च्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या, आणि बालोद्यान शिक्षणपद्धती शिकण्यासाठी व विधवांच्या शाळेस द्रव्यसाहाय्य मिळविण्यासाठी पावणेतीन वर्षे राहिल्या. परत येऊन १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध केला. या पुस्तकाला आपल्या वाङ्मयेतिहासात प्रवासवर्णन म्हणून जागा देतात; मला ते आपल्या भाषेतील परराज्याच्या राजकीय परीक्षणाचे पहिले मोठे पुस्तक वाटते. राजा नसलेले राज्य चालते कसे, याचे रमाबाईंना मनापासून कौतुक आहे; स्त्रियांनी शाळा, महाविद्यालये, दारूबंदीच्या संस्था कशा उभारल्या याचे वर्णन तर त्यांच्या लेखणीस सर्वांत प्रिय. पण ज्या देशाचे पैसे घेऊन आपली शाळा उभी राहायची आहे त्या देशाचे दोष लपवावेत असे त्यांना वाटले नाही. मूळ रहिवाशांची भूमी करार मोडून कशी बळकावली, हे त्यांनी लिहिले. वर्णद्वेष गुलामगिरीबरोबर मेला नाही, हे लिहिले. स्त्रीला समान कामाचा समान मोबदला व मत मिळत नाही, हेही लिहिले. स्त्रियांना मताधिकार देणाऱ्या वायोमिंगसारख्या प्रदेशांची त्या काळात बोटांवर मोजण्याइतकी उदाहरणे होती. पाहुण्याच्या भूमिकेतून एवढे स्पष्ट लिहिणे हे धैर्याचे काम होते.

दुसरे नाव डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे. न्यूयॉर्क संस्थानातीलच कॉर्नेल विद्यापीठात ते शिकत होते आणि १९०९ मध्ये त्यांचा भारतातील जातींच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ बाहेर पडला. ज्ञानकोशकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व हे की सात वर्षांनंतर दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने आपल्या निबंधात ज्या विद्वानांच्या जातिव्याख्या तपासण्यास घेतल्या, त्यांत सेनार, नेस्फील्ड, रिझले यांच्या बरोबरीने केतकरांची व्याख्या होती, आणि तिच्याविषयी त्याने आदराने लिहिले.

तो निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर या मानववंशशास्त्रज्ञाच्या अभ्यासवर्गात वाचला गेला. भीमराव तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. अर्थशास्त्राचे सेलिग्मन, तत्त्वज्ञानाचे जॉन ड्यूई, इतिहासाचे रॉबिन्सन व शॉटवेल अशा अध्यापकांकडे तीन वर्षे ज्ञानसाधना करून, सकाळपासून रात्रीपर्यंत ग्रंथालयात बसून, पोटाला चिमटा घेऊन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमविणारा हा विद्यार्थी जातीच्या उगमाविषयी बोलताना एका ठिकाणी अमेरिकेकडे वळतो. आपापसांतच बेटीव्यवहार करणारे गट असूनही जातीचा प्रश्न उद्भवत नाही, असे म्हणणाऱ्यांना अमेरिकेतील गोरे, निग्रो आणि इंडियन जमाती हे उदाहरण सोयीचे वाटेल, असे तो मान्य करतो. आणि लगेच बजावतो की भारताची स्थिती तशी नाही. येथे भिन्न लोक एकमेकांत मिसळून एकजीव संस्कृती झालेली होती, आणि त्या एकजीव समाजाचे पुन्हा कृत्रिम तुकडे पाडून बेटीव्यवहाराची कुंपणे घातली गेली, तेव्हा जात निर्माण झाली.

हे एक वाक्य मला फार मोलाचे वाटते. त्या काळी अमेरिकेत शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यापुढे दोन सोप्या वाटा होत्या. एक म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याने दिपून जाणे. दुसरी म्हणजे तेथील वर्णद्वेष दाखवून, 'तुमच्या घरी हे चालते, मग आमच्या जातीला का नावे ठेवता' असे म्हणून मोकळे होणे. भीमराव दोन्ही वाटांनी गेले नाहीत. त्यांनी साम्य पाहिले आणि भेदही पाहिला. तेथे डोळ्यांना रंग दिसतो. येथे काहीच दिसत नसताना माणूस दूर ठेवला जातो, म्हणून येथील कुंपण अधिक मनातले आणि म्हणूनच अधिक चिवट, हा त्यातून निघणारा अर्थ.

त्या तीन वर्षांतील अमेरिकेचे राजकारण कसे होते, तेही ध्यानात घ्यावे. मार्च १९१३ मध्ये वुड्रो विल्सन अध्यक्ष झाले होते. त्याच वर्षी सोळाव्या दुरुस्तीने प्राप्तीवरील कराचा मार्ग खुला झाला, आयात जकाती उतरविण्यात आल्या आणि डिसेंबरात मध्यवर्ती पेढ्यांच्या व्यवस्थेचा कायदा झाला. प्राप्तिकराचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता विद्वान म्हणजे सेलिग्मन, भीमरावांचे गुरू. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील भीमरावांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला तेव्हा प्रस्तावना सेलिग्मन यांनीच लिहिली. पण त्याच विल्सन यांच्या कारकीर्दीत वॉशिंग्टनच्या टपाल व खजिना खात्यांतून कृष्णवर्णीय कारकुनांना वेगळे बसविण्यास आरंभ झाला. १९१५ मध्ये दक्षिणेतील मुखवटेधारी टोळ्यांचा गौरव करणारा एक चित्रपट अध्यक्षांच्या निवासस्थानी दाखविला गेला आणि देशभर त्याचा निषेध झाला. त्याच वर्षी जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमातील 'आजा मतदार असण्याची' सवलत रद्द ठरविली. आणि नोव्हेंबरात कृष्णवर्णीयांचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन निवर्तले. विद्यापीठाच्या टेकडीच्या पायथ्याशी हार्लेम वस्ती पसरली होती, आणि तेथे कृष्णवर्णीय कुटुंबे नव्याने राहावयास येत होती. चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे की या वास्तव्यात भीमरावांच्या मनावर दोन गोष्टींचा विशेष ठसा उमटला. एक चौदावी घटनादुरुस्ती आणि दुसरी बुकर टी. वॉशिंग्टन यांचे जीवित. लाला लजपत राय त्या वेळी न्यूयॉर्कमध्येच होते आणि हिंदी विद्यार्थ्यांना चळवळीत ओढीत होते; बडोदे सरकारशी केलेला करार व अभ्यास सोडून भीमराव त्यात उतरले नाहीत. विद्यार्थ्याने राजकारणाविषयी मत बनवावे की राजकारणात उडी घ्यावी, हा वाद आजही चालतो. भीमरावांनी आधी मत पूर्ण बनविले, हे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता योग्यच झाले.

मत बनले होते कोणते? ते त्यांच्या पुढच्या लेखनात क्रमाक्रमाने उघड होते. १९४५ च्या, काँग्रेस आणि गांधीजी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या इंग्रजी ग्रंथात ते अध्यक्ष लिंकन यांचे ऑगस्ट १८६२ मधील, वृत्तपत्राचे संपादक ग्रीली यांना लिहिलेले पत्र काढतात. त्या पत्रात लिंकन यांनी आपला मुख्य हेतू संघराज्य वाचविणे हा असून गुलामांची मुक्ती हा नव्हे, असे स्वच्छ सांगितले आहे. दुसऱ्याच्या मोठ्या लढाईत दुर्बलाचा प्रश्न आनुषंगिक म्हणून सुटला, तर लढाई संपताच तो आनुषंगिक म्हणूनच सोडून दिला जातो, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष. त्याआधी जानेवारी १९४३ मध्ये पुण्यात न्या. रानडे यांच्या जन्मदिनी दिलेल्या व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही, समाजाच्या सामाजिक व नैतिक सदसद्विवेकाने होते. समाजच विरोधी असेल तर कायदा, न्यायालय आणि कायदेमंडळ यांपैकी कोणीही हक्क वाचवू शकत नाही. लुइझियानातील मतदारयादीचे आकडे ज्याने अभ्यासले आहेत त्याला हे वाक्य केवळ तात्त्विक वाटणार नाही.

मात्र समाजाचा विवेक जागा होईपर्यंत कायद्याने स्वस्थ बसावे, असे त्यांनी कधीच म्हटले नाही. आणि येथेच त्यांच्या अमेरिकन अभ्यासाचे सर्वांत ठोस, घटनेच्या कलमांत उतरलेले फळ दिसते. अमेरिकेच्या काँग्रेसने १ मार्च १८७५ रोजी एक नागरी हक्कांचा कायदा केला होता. खानावळी, धर्मशाळा, नाट्यगृहे, प्रवासाची वाहने यांत वर्णावरून मज्जाव करणे त्याने गुन्हा ठरविले. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल केला. कारण असे दिले की चौदावी दुरुस्ती सरकारला भेदभाव करण्यास मनाई करते. खाजगी खानावळवाल्याने किंवा नाटकगृहाच्या मालकाने भेदभाव केला तर त्यात पडण्याचा अधिकार त्या दुरुस्तीने काँग्रेसला दिलेला नाही. या एका भेगेतून साऱ्या दक्षिणेत वेगळी बाके, वेगळे नळ आणि वेगळे दरवाजे आत शिरले. मार्च १९४७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी 'संस्थाने आणि अल्पसंख्याक' या नावाने जो मसुदा घटनासमितीपुढे ठेवण्यासाठी तयार केला, त्यात सार्वजनिक जागांच्या समान उपभोगाचे कलम आहे आणि ते अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या कायद्यांवरून घेतल्याचे त्यांनी टिपेत नमूद केले आहे. म्हणजे ज्या कायद्याला अमेरिकेने चौसष्ट वर्षांपूर्वी मूठमाती दिली, तो त्यांनी उचलून भारताच्या घटनेच्या दारात आणून ठेवला.

आपल्या संविधानाचे कलम १५ उघडून पाहावे. त्याच्या पहिल्या पोटकलमात राज्यसंस्थेने भेदभाव करू नये असे आहे. दुसऱ्यात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, करमणुकीची ठिकाणे, सार्वजनिक विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांबाबत कोणत्याही नागरिकावर निर्बंध असता कामा नये असे सांगताना 'राज्यसंस्थेने' हा शब्द त्या वाक्यातून वगळला आहे. खानावळवाला आणि पाणवठ्याचा पहारेकरी दोघेही त्या कलमाच्या कक्षेत आले. १८८३ ची भेग अशी बुजविली गेली. पाणवठे आणि घाट हे शब्द अमेरिकेतून आले नाहीत. ते महाडच्या चवदार तळ्यावरून, नाशिकच्या काळाराम मंदिरापुढील सत्याग्रहाच्या अनुभवातून आले आहेत. अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा आपला कायदा १९५५ चा. हॉटेलांत व नाट्यगृहांत वर्णभेदास मनाई करणारा अमेरिकेचा कायदा २ जुलै १९६४ चा. या बाबतीत भारताचे पाऊल नऊ वर्षे आधी पडले, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले जात नाही याचे मला दुःख होते.

अमेरिकेकडून काय घ्यावयाचे याइतकेच काय घ्यावयाचे नाही, याचीही त्यांची मते पक्की होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी अध्यक्षीय पद्धत नाकारली. तेथील दुहेरी नागरिकत्वामुळे संस्थाने आपल्याच रहिवाशांना झुकते माप देऊ शकतात हे दाखवून भारतासाठी एकच नागरिकत्व योग्य ठरविले. आणि अमेरिकेत मूलभूत हक्क निरपवाद आहेत हा समज तेथील न्यायालयाचा निर्णय वाचून दाखवून खोडून काढला. जुलै १९४६ च्या सुमारास त्यांनी तेथील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, आपण निग्रो प्रश्नाचे अभ्यासक आहोत असे कळविले होते आणि त्या समाजाने संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलै रोजी सहानुभूतीचे उत्तर पाठविले.

या साऱ्या पार्श्वभूमीवर १९४१ ची सिन्नरची परिषद पाहिली म्हणजे वतनाच्या प्रश्नात त्यांनी जमिनीवर एवढा भर का दिला, ते उमगते. मुक्त झालेला पण भूमिहीन राहिलेला माणूस जुन्या धन्याच्या दारी परत जातो, हे दक्षिणेकडील संस्थानांनी सिद्ध केले होते. म्हणून वतन जावे, वेठ जावी, पण जमीन हातची जाता कामा नये; ती रयतेच्या जमिनीप्रमाणे रीतसर आकार भरून वतनदाराच्या मालकीची व्हावी, हा त्यांचा आग्रह १९२८ च्या विधेयकापासूनचा. मताधिकाराइतकेच त्याचे महत्त्व त्यांना वाटत होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९५८ मध्ये झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन अडीच वर्षे उलटली होती.

आज नाशिक, सिन्नर, संगमनेर या टापूतील मुले-मुली अमेरिकेत शिकावयास जातात; २०२३-२४ या वर्षात तेथील विद्यापीठांत भारतीय विद्यार्थी ३ लाख ३१ हजारांहून अधिक होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा पहिला क्रमांक होता. त्यांच्या पत्रांतून, आता दूरध्वनीवरून, अमेरिकेच्या राजकारणाविषयी जी मते घरी येतात ती बहुधा परवान्याची मुदत, नोकरी आणि जकाती एवढ्यापुरती असतात. ते स्वाभाविक आहे, आणि पोटाची चिंता ही कमी प्रतीची चिंता नव्हे. परंतु ज्या चौदाव्या दुरुस्तीने भीमरावांचे लक्ष वेधले, तिच्याच एका वाक्यावर २०२५ मध्ये तेथे झगडा उभा राहिला. अमेरिकेत जन्मलेले मूल हे अमेरिकेचे नागरिक, हा १८९८ पासून न्यायालयाने मानलेला अर्थ. २० जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने, तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्या आईचे मूल, बाप तेथील नागरिक वा कायम रहिवासी नसल्यास, त्या अर्थाबाहेर ठेवण्याचा प्रयत्न झाला, आणि प्रकरण न्यायालयांत गेले. आपल्या तालुक्यातून गेलेल्या दांपत्याच्या पाळण्यापर्यंत हा वाद येऊन पोचतो. मतदार-संरक्षणाच्या १९६५ च्या कायद्यातील, कोणत्या संस्थानांवर केंद्राची देखरेख असावी हे ठरविणारे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये काढून टाकले. प्रवेशाच्या वेळी वर्णाचा विचार करण्याची विद्यापीठांची पद्धत २०२३ मध्ये बाद झाली, आणि तीही त्याच चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे. दुर्बलाच्या संरक्षणासाठी लिहिलेले वाक्य कोणाच्या बाजूने वाचावयाचे, हा प्रश्न तेथे अजून मिटलेला नाही, आणि आपल्याकडेही मिटला आहे असे मला म्हणवत नाही. जो विद्यार्थी आपल्या गावचा एखादा जिवंत प्रश्न बरोबर घेऊन जातो, त्याला हे वाद परके वाटणार नाहीत. रमाबाईंनी विधवांचा प्रश्न नेला होता, केतकर-आंबेडकरांनी जातीचा नेला होता.

सिन्नरकरांना माझी एक विनंती आहे. १९४१ च्या परिषदेला गेलेला माणूस आज हयात असणे कठीण. परंतु आजोबा-पणजोबांकडून तिची हकीकत ऐकलेली माणसे तालुक्यातील वस्त्यांत अजून असतील, आणि वतनी जमिनीचे जुने उतारे, जुडीच्या पावत्या, परिषदेची एखादी हस्तपत्रिका कोणाच्या तरी पेटीत पडून असेल. ज्यांच्याकडे असे काही आहे त्यांनी ते फेकू नये. हकीकत सांगणाऱ्याचे म्हणणे तारीखवार लिहून घ्यावे आणि कागदाची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी.